शामक औषधे : प्रतिकारपेशी आणि तणाव-संप्रेरके

मेंदूतील उत्तेजना कमी करून रुग्णाला शांत किंवा झोपाळू करणाऱ्या औषधांना शामके म्हणतात. ठाण्यात किंवा वाशीत अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना ‘झोपेचं औषध चालू आहे’ एवढेच बहुधा कळते. पण या औषधांचा परिणाम झोपेपुरता राहत नाही; मूत्रपिंडांवरच्या, संप्रेरके स्रवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींपर्यंत तो पोहोचतो.

शस्त्रक्रिया, अपघात किंवा तीव्र जंतुसंसर्ग झाला की शरीरात कॉर्टिसॉल आणि ॲड्रिनलिन ही तणाव-संप्रेरके वाढतात. भीती आणि वेदनेमुळे ही पातळी आणखी चढते. शामके ती खाली आणतात, आणि बऱ्याचदा ते हिताचेच असते. कॉर्टिसॉल तयार होणेच थांबले, तर मात्र जिवावर बेतते. एटोमिडेट या शामकाने हा धडा दिला. रक्तदाब फारसा न पाडणारे औषध म्हणून ते अतिदक्षता विभागात सलग ठिबकाद्वारे दिले जाई. १९८३ साली ग्लासगोच्या डॉक्टरांनी अशा अपघातग्रस्त रुग्णांत मृत्यू वाढल्याचे निदर्शनास आणले. कॉर्टिसॉल बनवण्याच्या शेवटच्या टप्प्यावरील विकर (एन्झाइम), ११-बीटा-हायड्रॉक्सिलेज, हे औषध रोखते. एका मात्रेचा प्रभावही कित्येक तास टिकतो. सलग ठिबक त्यानंतर बंद झाले. कॉर्टिसॉल बेसुमार वाढणाऱ्या गंभीर कुशिंग विकारात मात्र हाच गुण अल्प मात्रेत उपचार म्हणून वापरतात.

डेक्समेडेटोमिडिन हे दुसरे शामक नॉरॲड्रिनलिन या तणाव-संप्रेरकाचा स्राव घटवते. त्याने नाडीही मंदावते, म्हणून मॉनिटरवर लक्ष ठेवावे लागते. मिडाझोलम हे शामक मेंदूतील उत्तेजना शमवणाऱ्या गॅबा ग्राहींवर काम करते, आणि प्रयोगशाळेत जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींतून निघणारी दाहकारक द्रव्येही कमी करते. प्रोपोफॉल या शामकामुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची हालचाल, जंतू गिळण्याची आणि मारण्याची क्षमता परीक्षानळीत मंदावलेली दिसते. सिरिंज पंपातले हे दुधासारखे पांढरे औषध सोयाबीन तेल आणि अंड्यातील लेसिथिनमध्ये बनवलेले असते. त्यात जंतू सहज वाढतात, म्हणून चालू बाटली आणि नळी १२ तासांत बदलतात. पेशींवरील परिणामापेक्षा ही काळजी रुग्णाच्या दृष्टीने अधिक निकडीची आहे.

परीक्षानळीतले निष्कर्ष खाटेवरच्या रुग्णाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत कर्कपेशी मारणाऱ्या ‘नैसर्गिक मारक पेशी’ दुबळ्या पडून रोग उलटेल का, ही शंका खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या कर्करोग केंद्रांसाठी जिव्हाळ्याची आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या २,००० हून अधिक रुग्णांवरील, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, प्रादेशिक बधिरीकरणासह प्रोपोफॉल आणि सेव्होफ्लुरेन या भुलीच्या वायूसह अफूवर्गीय औषधे या दोन पद्धतींत रोग परतण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

शामकाची निवड आणि मात्रा त्यामुळे प्रामुख्याने झोपेच्या खोलीवरून ठरते. रुग्ण किती जागा आहे हे +४ ते −५ अशा श्रेणीवर नोंदवतात. गाढ झोपेची खास गरज नसेल, तर हाक मारल्यावर डोळे उघडेल इतपत हलके शामन ठेवतात. त्याने व्हेंटिलेटरही लवकर सुटू शकतो.