पार्श्वभूमी : चिवडा पुड्यात गेला, मिसळ टेबलावरच राहिली

रामकुंडावर आलेला यात्रेकरू परतताना घरी काहीतरी खाऊ नेणारच. नाशिकचा चिवडा पिशवीतून गावोगावी गेला तो असा. मिसळीला ते जमलं नाही. आजही पार्सल मागा : रस्सा गाठ मारलेल्या पिशवीत, उसळ दुसऱ्या, फरसाण तिसऱ्या, कांदा-लिंबू कागदात. घरी पोचेपर्यंत पिशवी कोमट आणि पाव दबलेले.

चिवड्याची मख्खी तळलेल्या कांद्यात आहे. लासलगावची बाजारपेठ जिल्ह्यातलीच, त्यामुळे कांद्याला तोटा नाही. तो उभा चिरून, कडक वाळवून मग तळायचा. ओल राहिली की पोहे सादळलेच म्हणून समजा. कोंडाजी, माधवजी ही दुकानांची नावं पुढे पुड्यांवर आली. पुडा मशीनवर बंद होऊ लागला, आत नायट्रोजन भरता येऊ लागला, तसं तेल खवट होण्याचं भयही कमी झालं.

हॉटेलातून कारखाना निघण्याचं ठळक उदाहरण मात्र बंगळुरूचं आहे. १९२४ पासूनचं एमटीआर हे हॉटेल आणीबाणीत अडचणीत आलं. सरकारने हॉटेलांतल्या पदार्थांचे दर बांधून दिले आणि धंदा तोट्यात गेला. मग कामगारांना काम हवं म्हणून तयार पिठं-मसाल्यांची पाकिटं निघाली. २००७ मध्ये तो पाकिटांचा धंदा नॉर्वेच्या ऑर्क्ला कंपनीने घेतला, हॉटेलं कुटुंबाकडेच राहिली. नाव एक, मालक दोन! नाशिकच्या मिसळवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. इथे गिऱ्हाईक नावापेक्षा तर्रीसाठी येतं, आणि तर्री कंपनीच्या नावावर करून देता येत नाही.

बाकी भाग कायद्याचा. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा २०११ पासून अमलात आला. परवाना हॉटेललाही लागतो, पण पुडा म्हटला की घटक, निव्वळ वजन, तारीख, एमआरपी सगळं छापणं आलं. हॉटेलच्या भटारखान्यात हे निभत नाही, म्हणून वाढता धंदा सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गाळा शोधतो.

मग जीएसटी. जुलै २०१७ मध्ये ब्रँडच्या फरसाण-चिवड्यावर १२ टक्के लागला, ब्रँड नसलेल्यावर ५. नाव कमावल्याचा दंडच म्हणायचा. साध्या हॉटेलांवरचा दर त्याच नोव्हेंबरात ५ वर आला. चिवड्याच्या पुड्याला ५ टक्क्यांसाठी २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत थांबावं लागलं. आता दोन्हीकडे आकडा सारखा दिसतो, तरी हिशेब निराळा आहे. पुडे करणाऱ्याला यंत्रावर आणि गाळ्याच्या भाड्यावर भरलेल्या कराची वजावट मिळते, ५ टक्केवाल्या हॉटेलला मिळत नाही. त्यामुळे मालक एकच असला तरी मिसळीची वही आणि चिवड्याची वही वेगवेगळी ठेवावी लागते.