जाचक गोल्फ मैदान

खेळणाऱ्याला आव्हान देण्याऐवजी वैताग आणणारे गोल्फ मैदान. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, टेनिसचे कोर्ट ७८ फुटांचे. गोल्फच्या मैदानात मात्र भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर, हे जवळजवळ एकच माप नियमाने पक्के आहे. बाकी जमीन कशी, उतार किती, गवत केवढे, पाणी कुठे, हे सारे मैदान आखणाऱ्याच्या आणि राखणाऱ्याच्या मर्जीवर. त्यामुळे ‘मैदानच वाईट आहे’ ही तक्रार हरलेल्याची सबब म्हणून झटकून टाकता येत नाही. ते खरोखरच वाईट असू शकते. काही दोष आखणीत असतात, काही निगेतून येतात, आणि रचनाकाराच्या माथी मारले जाणारे बरेचसे प्रत्यक्षात क्लबच्या कारभाराचे असतात.

अवघड आणि जाचक

या दोहोंची सरमिसळ नेहमी होते. अवघडपणाला माप आहे. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप (खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणारी फटक्यांची सूट) पद्धतीत मैदानाच्या प्रत्येक टीला, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेला, दोन आकडे मिळतात. शून्य हँडिकॅपच्या निष्णात खेळाडूला किती फटके लागतील हे कोर्स रेटिंग सांगते. सामान्य खेळाडूला तेच मैदान निष्णाताच्या तुलनेत किती जड जाईल हे स्लोप रेटिंग सांगते. स्लोप ५५ ते १५५ या दरम्यान असतो आणि ११३ हे प्रमाण मानले जाते. हिशेबात धरलेला सामान्य पुरुष खेळाडू टीवरून सुमारे २०० यार्ड मारतो, स्त्री खेळाडू १५०. माप चोख आहे, पण ते फटके मोजते, वैताग नाही.

न्यू जर्सीतील पाइन व्हॅली जगातल्या अतिशय अवघड मैदानांत गणले जाते, तरी तिथे एकदा खेळायला मिळावे म्हणून गोल्फर आयुष्यभर झुरतात. तिथली वाळूची रानं भयंकर असली तरी फेअरवे, म्हणजे टी आणि भोक यांमधले कापलेल्या गवताचे पट्टे, रुंद आहेत. कुठे मारायचे ते दिसते आणि चुकले तर का चुकले ते कळते. उलट काही मैदाने इतकी सपाट आणि एकसुरी असतात, की अठरा होल (टीपासून भोकापर्यंतचे टप्पे) खेळून घरी आल्यावर त्यांतला एकही आठवत नाही. तिथला स्लोप कमी असेल, पण कंटाळा हाही जाचच.

पहिल्या भेटीतले मत मात्र फारसे भरवशाचे नसते. १९२१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्स स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर अकराव्या होलच्या बंकरमध्ये, वाळूच्या खड्ड्यात, अडकला आणि त्याने फेरी अर्धवट सोडली. मैदान त्याला मुळीच पटले नव्हते. त्याच मैदानावर त्याने १९२७ ची ओपन आणि १९३० ची ब्रिटिश अमॅच्युअर जिंकली, आणि १९५८ मध्ये त्या गावाने त्याला सन्माननीय नागरिकत्व दिले. ओल्ड कोर्सवर शंभराहून अधिक बंकर आहेत, त्यांतले कित्येक टीवरून दिसतही नाहीत. पण फेअरवे इतके ऐसपैस की चौदाव्या होलवरच्या ‘हेल’ बंकरलाही वळसा घालून जाता येते. वळसा घातला की अंतर वाढते, सरळ गेलात तर धोका. ही निवड खेळाडूच्या हाती राहते आणि तीच मैदानाला माणसाळवते.

मॅकेंझीची कसोटी

मैदान सुखद कशाने होते याची नेमकी मांडणी ॲलिस्टर मॅकेंझी याने केली. हा पेशाने डॉक्टर. बोअर युद्धात शल्यचिकित्सक असताना त्याने बोअर सैनिकांची लपण्याची कला पाहिली आणि पुढे ती बंकर निसर्गात मिसळवण्यासाठी वापरली. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात आदर्श मैदानाची तेरा तत्त्वे आहेत. ग्रीनपासून (भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीपासून) पुढच्या टीपर्यंत फार चालावे लागू नये, उंचसखल असावे पण डोंगर चढायला लावू नये, ग्रीनवर मारायचा फटका शक्यतो आंधळा नसावा, लांब उडवून न्यायच्या प्रत्येक धाडसी फटक्याला दुबळ्या खेळाडूसाठी दुसरी वाट असावी, चेंडू शोधत बसण्याचा ताप अजिबात नसावा, आणि नवशिक्यालाही भरमसाट फटके लागूनसुद्धा फेरीचा आनंद मिळावा. यादी उलटी वाचली की जाचक मैदानाचे वर्णन आयते हाती येते. जोन्सच्या साथीने त्याने आखलेले ऑगस्टा नॅशनल १९३३ मध्ये खुले झाले, तेव्हा तिथे रफ (फेअरवेच्या कडेचे वाढू दिलेले गवत) जवळपास नव्हता आणि बंकर मोजकेच होते.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला पिट्सबर्गजवळचे ओकमाँट, १९०३ चे. ते आखणारा हेन्री फाउन्स आणि त्याचा मुलगा विल्यम यांचा आग्रह असा की चुकीच्या फटक्याची भरपाई होताच कामा नये. बंकरमधली वाळूदेखील ते खास दंताळ्याने सऱ्या पाडून ठेवत, म्हणजे चेंडू सरीत बसावा आणि खेळाडूने निमूट बाजूला मारावा. या दंडात्मक पंथाला स्वतःचा तर्क आहे आणि अजिंक्यपदासाठी तो शोभतोही. रविवारी सकाळी चार मित्रांनी खेळायच्या मैदानाला तो लावला की पंचाईत होते.

हरवणारा चेंडू

वैतागाच्या कारणांत याचा क्रम पहिला. हरवलेल्या चेंडूला एक दंडाचा फटका तर पडतोच, शिवाय आधीचा फटका जिथून मारला तिथे परत जावे लागते. म्हणजे दोनशे यार्ड चालायचे, झुडपे चाळायची आणि मागे खोळंबलेल्या चौघांच्या नजरा झेलत उलट पावली यायचे. शोधण्याची मुदत २०१९ मध्ये पाच मिनिटांवरून तीनवर आली. दोन दंडाचे फटके घेऊन पुढूनच खेळू देणारा स्थानिक नियमही त्याच वर्षी क्लबांना उपलब्ध झाला, मात्र तो स्पर्धात्मक वरिष्ठ पातळीसाठी नाही.

नियमाने दुखणे हलके होते, बरे होत नाही, कारण ते गवतात आहे. समुद्रकाठच्या लिंक्स मैदानांवर फेस्क्यूचे विरळ, उंच गवत असते. त्यात चेंडू सापडतो, फक्त तो नीट मारता येत नाही. पाणी आणि खत घालून माजवलेल्या रफमध्ये फेअरवेपासून दोन पावलांवर पडलेला चेंडूही गडप होतो. पहिल्यात कसब लागते, दुसऱ्यात नुसते नशीब. १९९९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये कार्नूस्टीला चिंचोळे फेअरवे आणि दाट रफ असा बेत होता. पॉल लॉरी पारपेक्षा (मैदानाला ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा) सहा फटके जास्त घेऊन, बरोबरी फोडणाऱ्या प्लेऑफमध्ये जिंकला, आणि एकोणीस वर्षांच्या सर्जिओ गार्सियाने पहिल्या फेरीत ८९ फटके घेतले.

झाडांचेही तसेच. सौंदर्यासाठी ओळीने लावलेली रोपे चाळीस वर्षांनी फेअरवेला बोगदा करून सोडतात, ग्रीनवर सावली धरतात, वारा अडवतात, आणि मग तिथले गवत रोगट राहते. ओकमाँटने १९९० च्या दशकापासून हजारो झाडे तोडली. सुरुवातीची तोड सभासदांचा विरोध टाळण्यासाठी भल्या पहाटे उरकली जात असे.

भारतीय क्लबांनी या दुखण्यावर माणूस नेमून उपाय काढला. पुढे जाऊन चेंडू कुठे पडतो ते पाहणारा ‘आगेवाला’ ही इथलीच खासियत, आणि दाट झुडपांच्या मैदानावर त्याची मजुरी एका सवयीच्या खेळाडूला चेंडूंच्या खर्चापेक्षा स्वस्तच पडते.

दुसरी वाट नसलेले पाणी

पाणी हे पीट डाय या अमेरिकन रचनाकाराचे आवडते हत्यार. फ्लोरिडातील टीपीसी सॉग्रासचा सतरावा होल, चहूबाजूंनी पाणी असलेला ग्रीन, त्याच्या पत्नीने, ॲलिस डाय हिने, सुचवला. अंतर १३७ यार्ड. वळसा नाही, अलीकडे थांबायची सोय नाही. अठरापैकी एकच होल असा असेल तर ती गंमत; ओळीने पाच-सहा असले की सामान्य खेळाडू पिशवीतले जुने चेंडू शोधू लागतो. १९८२ मध्ये तिथे पहिल्यांदा मोठी स्पर्धा झाली तेव्हा व्यावसायिकांनी ग्रीनच्या चढउतारांवर इतकी ओरड केली की ते सौम्य करावे लागले.

डायचेच कॅलिफोर्नियातील पीजीए वेस्ट १९८७ मध्ये बॉब होप स्पर्धेत वापरले गेले. तिथे सोळाव्या ग्रीनपाशी सुमारे सहा मीटर खोल बंकर आहे. खेळाडूंच्या तक्रारींमुळे मैदान स्पर्धेतून वगळले गेले आणि थेट २०१६ मध्ये परतले. दरम्यान हौशी खेळाडू पैसे मोजून तिथे जातच राहिले. एकदा सोसून येण्याची हौस वेगळी आणि दर आठवड्याला खेळायचे मैदान वेगळे.

ग्रीन

निम्मा खेळ ग्रीनवर आणि आसपास होतो, म्हणून तिथला दोष सर्वाधिक झोंबतो. १९३५ ची यूएस ओपन पाहायला ओकमाँटला गेलेल्या एडवर्ड स्टिम्पसन याने एका नामांकित खेळाडूचा पट (भोकाकडे हलकेच मारलेला चेंडू) ग्रीनवरून घरंगळत बंकरमध्ये जाताना पाहिला. ग्रीनचा वेग मोजण्यासाठी त्याने एक खाच पाडलेली पट्टी तयार केली. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९७० च्या दशकात ती सुधारून ॲल्युमिनियममध्ये आणली: पट्टी हळूहळू उचलायची, ठरावीक कोनावर चेंडू सुटतो, तो किती फूट धावला तो वेग. रोजच्या मैदानावर आठ ते दहा फूट पुरतात. अजिंक्यपदाला बारा-तेराच्या पुढे जातात.

हेतू एकाच मैदानावरचे सगळे ग्रीन सारखे राखण्याचा होता. झाले भलतेच. आकडा हाती आला तशी क्लबांत चढाओढ लागली. जुन्या ग्रीनचे उतार मंद गवताला धरून आखलेले. त्यांवरचे गवत आणखी बारीक कापले की चेंडू भोकापाशी थांबतच नाही आणि झेंडा रोवायला तीन-चारच जागा उरतात. २००४ च्या यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी शिनेकॉक हिल्सचा सातवा ग्रीन इतका कडक झाला की दोन जोड्यांच्या मधल्या वेळात त्यावर पाणी शिंपडावे लागले. त्या दिवशी एकालाही पारपेक्षा कमी फटक्यांत फेरी संपवता आली नाही. वॉशिंग्टन राज्यातील चेंबर्स बे येथे २०१५ च्या यूएस ओपनमध्ये दोष उलट जातीचा होता. फेस्क्यूच्या ग्रीनमध्ये दुसरे गवत, पोआ ॲन्युआ, घुसले होते आणि पृष्ठभाग गुठळ्यांचा झाला होता. स्वीडिश खेळाडू हेन्रिक स्टेन्सनला ते ब्रोकोलीवर पट केल्यासारखे वाटले. पुढे सर्व ग्रीन सरळ पोआ ॲन्युआचेच करण्यात आले.

क्लबमधली ओरड बहुतेकदा याहून साध्या कारणाची असते. माती घट्ट होऊ नये म्हणून ग्रीनला पोकळ खिळ्यांनी भोके पाडून वरून वाळू पसरतात. ते केले नाही तर ग्रीन मरतो. केले तर सुमारे दोन आठवडे चेंडू उड्या मारत जातो. ग्रीनकीपरचा यात काही गुन्हा नाही. आधी न सांगता त्या दिवसांचे पूर्ण पैसे घेणारे कार्यालय मात्र शिव्यांना पात्र आहे.

लांबी, चाल आणि खोळंबा

साध्या खेळाडूला साडेसहा हजार यार्डांवर उभे करणे हा जाचाचा सर्वांत सरसकट प्रकार. प्रत्येक पार ४ ला, म्हणजे चार फटक्यांत संपवायच्या होलला, दोन लांब पल्ल्याचे फटके मारूनही तो ग्रीनपाशी पोचत नाही. २०११ मध्ये अमेरिकेत पुढच्या टीवरून खेळा अशी मोहीम निघाली; टीवरून २०० यार्ड मारणाऱ्याला तिने ५,२०० ते ५,४०० यार्डांचे मैदान सुचवले. मोहीम शहाणपणाची होती, पण पुढची टी म्हणजे ‘बायकांची टी’ ही समजूत तिला आडवी आली. ती समजूत स्त्रियांनाही भोवली: त्यांच्या टी नंतर सुचल्यासारख्या कुठेतरी सपाटी पाहून ठेवल्या जात आणि ताकदीतला फरक गृहीतच धरला जात नसे. स्त्रियांसाठी एकऐवजी दोन टी असाव्यात हा आग्रह ॲलिस डाय यांनी लावून धरला.

चालण्याचा प्रश्न घरांमुळे आला. मैदानाच्या कडेने बंगले विकायचे तर जास्तीत जास्त भूखंडांना हिरवळ दिसली पाहिजे. मग होल एकमेकांपासून लांब फेकले जातात आणि ग्रीनवरून पुढच्या टीला जायला रस्ते ओलांडावे लागतात. गाडी सक्तीची होते. पाऊस पडून गेला की गाडी डांबरी वाटेवरच ठेवायची असते, आणि मग प्रत्येक फटक्याला फेअरवे ओलांडून येरझाऱ्या.

खोळंबा निम्मा आखणीचा, निम्मा कारभाराचा. पहिल्या दोन-तीन होलमध्येच अवघड पार ३ असला की तिथे टोळ्या तुंबतात, कारण पुढचे चौघे ग्रीन सोडेपर्यंत मागच्यांना मारता येत नाही. त्यात क्लबने दहाऐवजी आठ मिनिटांना एक टोळी सोडली तर सकाळी नऊचा खोळंबा दुपारपर्यंत उतरत नाही. नियमपुस्तक एका फटक्याला चाळीस सेकंद सुचवते. पाच-सव्वापाच तासांच्या फेरीचे खापर संथ खेळाडूवर फोडण्याआधी वेळापत्रक पाहावे.

भारतात

ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना क्लब कोलकात्यात, रॉयल कलकत्ता, १८२९ चा. तिथे तळी जागोजाग आहेत. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सवर दोन्ही बाजूंना दाट झुडपे आणि मधून अरुंद फेअरवे. जोरकस खेळाडूही तिथे ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारी काठी, पिशवीतच ठेवतात. लांब मारणाऱ्याला हे मैदान छळते. एस. एस. पी. चौरसिया हा रॉयल कलकत्त्यातल्या ग्रीनकीपरचा मुलगा. बळापेक्षा ग्रीनजवळच्या कसबावर जगणारा. त्याने २०१६ ची इंडियन ओपन लोधी कोर्सवर जिंकली. पुढच्या वर्षी स्पर्धा गुरुग्राममधील डीएलएफच्या गॅरी प्लेयर कोर्सवर गेली. खोल बंकर आणि उग्र ग्रीन यांमुळे ते कडक मैदान म्हणून ओळखले जाते, पण तिथेही जिंकला तोच.

मुंबईत जाच ऋतूचा. चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी असो की विलिंग्डन, पावसाळ्यात चेंडू पडतो तिथेच रुततो आणि पळत नाही, त्यामुळे तेच मैदान कितीतरी लांब वाटते. रुतलेला चेंडू दंडाशिवाय काढून बाजूला टाकण्याची मुभा आता फेअरवेप्रमाणे रफमध्येही आहे. कावळ्याने किंवा घारीने चेंडू पळवला आणि ते नक्की ठाऊक असले, तर मूळ जागी दुसरा ठेवता येतो, दंड नाही. नक्की ठाऊक नसेल तर तो हरवलेलाच. पाण्याच्या टंचाईमुळे कित्येक छावण्यांतील मैदानांवर ग्रीनऐवजी तेल घातलेल्या वाळूचे ‘ब्राउन’ असत. दिसायला ओंगळ आणि बुटांना चिकटणारे, पण खरवडून सपाट केले की चेंडू त्यांवर नाकासमोर धावत असे, जे अनेक महागड्या ग्रीनबद्दल म्हणता येत नाही.