रिपोर्टात सगळीकडे ‘आर’, तरी आम्ल चालतं

कानातून कापसाची वात काढली की तिच्यावर हिरवट पू, आणि त्याला विचित्र गोडसर वास. काही दिवसांनी प्रयोगशाळेचा रिपोर्ट येतो: जंतू स्युडोमोनास एरुजिनोसा, आणि औषधांच्या यादीसमोर जवळजवळ सगळीकडे ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट. कागद हातात घेणारा हबकतो. आता कुठलंच औषध लागू पडणार नाही, हा समज तिथेच रुजतो.

मुळात तो ‘आर’ कानात टाकायच्या थेंबांसाठी नसतोच. गोळी किंवा इंजेक्शनने रक्तात जेवढं औषध पोचतं, तेवढ्याला जंतू दाद देतो का, एवढंच ती चाचणी सांगते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळीने रक्तात दर मिलिलिटरला काही मायक्रोग्रॅम औषध असतं, ०.३ टक्के थेंबांत तेच ३,००० मायक्रोग्रॅम.

तरीही कान पुन्हा पुन्हा वाहतो, त्यामागे बहुतेकदा बायोफिल्म असते. मोरीच्या पाइपात बोट घातलं की लागतो तो बुळबुळीत थर, त्याच जातीची. जंतू मध्यकर्णाच्या अस्तराला चिकटतात आणि शर्करा, प्रथिनं, मेलेल्या भावंडांचा डीएनए यांचं लुकण स्वतःभोवती लिंपून घेतात. तळाशी ऑक्सिजन आणि अन्न कमी, म्हणून तिथले जंतू वाढणंच थांबवतात. बहुतेक प्रतिजैविकं वाढत्या जंतूचं एखादं यंत्र बिघडवतात. यंत्रच बंद असेल तर बिघडवणार काय? असे तगून राहणारे जंतू जोसेफ बिगर यांनी १९४४ साली पेनिसिलिनच्या प्रयोगांत पाहिले आणि त्यांना ‘पर्सिस्टर’ म्हटलं. (‘९९.९ टक्के जंतू खलास’ अशी जाहिरात वाचताना एक कोटीतून दहा हजार उरतात, हा हिशोब करून बघा.)

इथे अँटिसेप्टिक, म्हणजे वरून लावायचं जंतुनाशक, कामाला येतं, आणि माझं आवडतं आहे अॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. ते दुबळं आहे, आणि त्याची खरी ताकद त्या दुबळेपणातच आहे. पाण्यात त्याचे काही रेणू प्रोटॉन (हायड्रोजनचा धनभारित कण) सोडून आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, होतात, काही अखंड राहतात. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं जास्त आंबट. पीएच ४.७६ ला निम्मे-निम्मे, ३.७६ ला सुमारे ९१ टक्के अखंड. अखंड रेणूवर विद्युतभार नसल्यामुळे तो जंतूच्या मेदयुक्त पटलातून सहज आत सरकतो; आयनाला ते जमत नाही. जंतूच्या आत पीएच सातच्या आसपास. तिथे पावणेदोनशे रेणूंत जेमतेम एक अखंड राहतो, बाकीचे प्रोटॉन सोडतात आणि आयन होऊन आतच अडकतात. आत अखंड रेणूंचा तुटवडा, म्हणून बाहेरून नवे येतच राहतात. पेशी आतून आंबट होत जाते. प्रोटॉन बाहेर फेकायला ऊर्जा लागते, आणि उपाशी जंतूकडे नेमकी तीच नसते. तेवढ्याच पीएचचं हायड्रोक्लोरिक आम्ल असं आत शिरत नाही, कारण त्याचे अखंड रेणू पाण्यात उरतच नाहीत.

पोव्हिडोन-आयोडीनची तऱ्हा वेगळी. मोकळं आयोडीन प्रथिनं, मेद, जे सापडेल त्यावर तुटून पडतं. म्हणून स्वतःचा एखादाच भाग बदलून जंतूची सुटका होत नाही.

मात्र जंतुनाशक आहे म्हणून काहीही कानात ओतायचं नाही. पडदा फाटलेला असेल तर क्लोरहेक्सिडिन किंवा अल्कोहोल आतल्या कानापर्यंत पोचून ऐकू येणं कायमचं बिघडवू शकतं. स्वयंपाकघरातलं व्हिनेगरही नको. कोणता थेंब आणि किती सौम्य, ते पडदा पाहूनच ठरतं.

आणि आधी कान साफ व्हायला हवा. पुवातली प्रथिनं आम्लाचा पीएच वर ढकलतात, म्हणजे अखंड रेणू आयन होतात आणि वर सांगितलेला सगळा डाव दारातच फसतो. आयोडीनही पुवातच खर्ची पडतं. म्हणून डॉक्टर पू आधी नळीने ओढून काढतात, मग थेंब. बाटली काही मिनिटं मुठीत धरून कोमट करायची, कारण गार थेंबाने गरगरतं. कुशीवर झोपून थेंब सोडायचे आणि कानाच्या तोंडाशी असलेली छोटी कूर्चा चार-पाच वेळा हलकेच दाबायची, म्हणजे थेंब आतवर उतरतात.