खोडीनंतरचे खून: स्लॅशर कुठला, सायकॉलॉजिकल हॉरर कुठलं?

चार-पाच पोरं, एक खोडी, ती अंगलट येते आणि मग एकेकाचा मुडदा पडायला लागतो. एवढं ऐकलं की बहुतेकजण ‘स्लॅशर’, म्हणजे खुनी एकेकाला गाठून मारतो तसली भयकथा, म्हणून मोकळे होतात. पण याच सामग्रीतून सायकॉलॉजिकल हॉररही, म्हणजे माणसाच्या मनातूनच भीती उभी करणारी गोष्टही, लिहिली जाते. एकाची अपेक्षा धरून दुसरं वाचायला घेतलं की ‘खुनी तर लगेच कळला, मग मजा काय?’ ही तक्रार ठरलेली.

स्लॅशरचा मामला रोखठोक असतो. 1980 चा ‘टेरर ट्रेन’ हा चित्रपट घ्या. कॉलेजातलं टोळकं एका बुजऱ्या मुलाला मुलीचं आमिष दाखवून खोलीत बोलावतं. पलंगावर असतं प्रेत. काही वर्षांनी हीच मंडळी ट्रेनमध्ये पार्टी करत असताना खुनी त्यांना टिपतो आणि मेलेल्याचाच पोशाख चढवून पुढच्याकडे जातो. खोडीची वसुली चालू असते. आपण बळींच्या बाजूला उभे असतो. मुखवट्यामागे कोण आणि वाचणार कोण, एवढंच पाहायचं.

आता स्टीफन ग्रॅहम जोन्स यांची 2020 ची छोटेखानी कादंबरी ‘नाइट ऑफ द मॅनेक्विन्स’. (पुढे कथानक फुटणार आहे. वाचायची असेल तर हा परिच्छेद सोडा.) टेक्सासमधली पोरं थिएटरात काम करणाऱ्या मैत्रिणीची फजिती करायला एक टाकून दिलेला पुतळा, कपड्यांच्या दुकानात असतो तसला, सजवून खुर्चीत बसवतात. गोष्ट सांगतो सॉयर. सिनेमा सुटल्यावर तो पुतळा उठून चालत बाहेर गेला, असं त्याचं म्हणणं. मग त्या मैत्रिणीच्या घरात ट्रक घुसतो आणि ती घरच्यांसकट मरते. सॉयर हिशेब मांडतो: पुतळा आपल्या सगळ्यांच्या मागे लागलाय, आपल्यापायी घरचेही जाणार. तेव्हा घरच्यांना वाचवायचं तर मित्रांना आधी आपणच संपवलेलं बरं! हे सगळं तो इतक्या काळजीनं सांगतो की दोन-चार पानं आपणही मान डोलावतो. मला पुतळ्यापेक्षा त्या मान डोलावण्याचीच जास्त भीती वाटली.

भूत नसलं की सायकॉलॉजिकल, रक्त असलं की स्लॅशर, ही वाटणी कामाची नाही. बऱ्याच स्लॅशरमध्येही भूत नसतं, आणि सॉयरच्या गोष्टीत रक्त आहेच. खुनांमागचा तर्क कुणाचा आणि तो पडताळता येतो का, हे पाहावं. स्लॅशरमध्ये मुखवटा उतरतो, कारण कळतं, हिशेब मिटतो. सायकॉलॉजिकल हॉररमध्ये, सॉयरच्या गोष्टीसारखा, साक्षीदार एकच, आणि तोच आरोपी. एडगर अ‍ॅलन पो यांनी 1843 मध्येच ‘द टेल-टेल हार्ट’ या कथेत हे करून ठेवलंय: मी वेडा नाही, हे पटवायला निवेदक आपण खून किती पद्धतशीर केला ते रंगवून सांगतो.

अशा डोक्यात वाचकाला फार काळ कोंडून ठेवता येत नाही. चारशे पानांत एक तर तो कंटाळेल, नाहीतर सावध होईल. जोन्स यांच्या या पुस्तकाला भयसाहित्यासाठीचा ब्रॅम स्टोकर पुरस्कार मिळाला तोही दीर्घकथेच्या गटात. त्या गटाची कमाल मर्यादा चाळीस हजार शब्दांच्या आतली.

गंमत म्हणजे हे पुस्तक मुद्दाम स्लॅशरचाच वेश घालतं, त्यामुळे मलपृष्ठावरच्या मजकुरावर विसंबू नका. पहिली काही पानं चाळा. कुणी ‘मी’ फारच समजूतदारपणे सगळं का करावं लागलं ते सांगत असेल, तर खुनी कोण हे शोधत बसू नका.