कम्युनिटी कॉलेजपासून सुरुवात केली, तर पदवी दुय्यम ठरते का?

‘अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजपासून सुरुवात केली, की पदवीवर कायमचा शिक्का बसतो,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तसं नसतं. कम्युनिटी कॉलेज म्हणजे साधारण दोन वर्षांचं शिक्षण देणारं स्थानिक कॉलेज; तिथून पुढे विद्यापीठात जाता येतं. बॅचलर्सला साधारण 120 क्रेडिट, म्हणजे कोर्स पूर्ण केल्यावर जमा होणारी एककं, लागतात. त्यातली 60च्या आसपास तिथे कमी फीमध्ये पूर्ण होतात, उरलेली विद्यापीठात. पदवी विद्यापीठच देतं आणि प्रमाणपत्रावर त्याचंच नाव असतं.

खरी अडचण वेगळी, आणि ती मात्र फारसं कुणी सांगत नाही. क्रेडिट स्वीकारलं जातं, पण कधी कधी मुख्य विषयात न धरता ऐच्छिक म्हणून. मग कॅल्क्युलससारखा विषय पुन्हा करावा लागतो. म्हणून नाव घालण्याआधीच हव्या त्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर आपल्या शाखेची ट्रान्स्फर-यादी (कॉलेजचा कोणता कोर्स विद्यापीठातल्या कोणत्या कोर्सऐवजी धरला जातो, ती यादी) उघडा, कोर्सचे क्रमांक एकेक करून जुळवा. प्रत्येक कोर्सचा सिलॅबसही जपून ठेवा. वाद झाला तर तोच दाखवता येतो.