अंगणवाडीत नाव घालायचंय? दाखला राहू द्या, आधी मोबाईल नंबर बघा

सेतू केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्याच्या रांगेत सहाव्या-सातव्या महिन्याची गरोदर बाई उभी दिसली की राग येतो. तिचा नाही, ‘आधी दाखला आण’ असं तिला ज्यानं सांगितलं त्याचा. अंगणवाडीत नाव घालायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जातीचा नाही, पिवळं रेशनकार्डही नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानं गरोदर बाई, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंतची आई आणि सहा महिने ते सहा वर्षांचं मूल यांना पोषण आहाराचा हक्क दिलाय. त्यात गरिबी सिद्ध करायची अट नाही.

घोळ होतो तो मातृ वंदना योजनेमुळे. पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात ती योजना वेगळी, पण कागद अंगणवाडीच्याच ताईंकडे, म्हणजे सेविकेकडे, जातात, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. त्या योजनेला पात्रतेचा पुरावा लागतो. तोही उत्पन्नाचाच हवा असं नाही, ई-श्रम कार्ड किंवा रोजगार हमीचं जॉबकार्ड असलं तरी भागतं.

अंगणवाडीसाठी आईचं आधार, मोबाईल आणि दवाखान्यातून मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन जा. बाळाचं आधार निघालं नसेल तर नोंद आईच्या आधारावर होते, त्यासाठी परत पाठवू देऊ नका.

आता खरी अडचण. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार, म्हणजे टीएचआर, देताना पोषण ट्रॅकर ॲपमध्ये चेहरा जुळावा लागतो. त्याआधी एकदा केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, आणि तिचा ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचा असतो, नवरा कामावर, नाहीतर सिमकार्ड कधीच बंद पडलेलं. ओटीपीची मुदत संपते, ताई म्हणतात उद्या या, उद्या रेंज नसते. ताईंवर ओरडून उपयोग नाही, ॲप त्यांनी बनवलेलं नाही. आधार केंद्रात जाऊन स्वतःचा चालू नंबर जोडून घ्या. शाळेतल्या वयातला फोटो आधारवर असेल तर तोही त्याच फेरीत बदला, चेहरा जुळत नाही तो बऱ्याचदा त्यामुळे. हे काम तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच उरकावं. नवव्या महिन्यात कोण रांगेत उभं राहणार?

दुसरी अडचण माहेरची. नाव सासरच्या अंगणवाडीत, बाळंतपण माहेरी. माहेरच्या ताई नव्यानं नोंद करायला जातात तर ॲप सांगतं, हे आधार आधीच नोंदलेलं आहे. मग ऐन ओल्या बाळंतिणीचे दोन-तीन महिने कोरडे जातात. निघण्यापूर्वी सासरच्या ताईंना सांगून नोंद स्थलांतरित करून घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्यांनीही हेच करायचं.

तिसरी, तारखांची. आईचा आहार बाळ सहा महिन्यांचं झालं की थांबतो आणि तिथून बाळाचा सुरू होतो. मधे बाळाची नोंद तपासली नाही तर महिना बुडतो. मूल तीन वर्षांचं झालं की घरी न्यायची पाकिटं बंद होतात. ‘नाव कापलं’ म्हणून भांडायला येतात लोक. नाव कापलेलं नसतं, आता मुलाला रोज अंगणवाडीत पाठवायचं असतं, गरम ताजा आहार तिथेच मिळतो.

आणि पाकिटाबद्दल थोडं. गरोदर बाईचा आहार दिवसाला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं मिळतील अशा बेतानं ठरवलेला आहे. तो तिच्या जेवणाच्या वर, जेवणाऐवजी नाही. घरात पाच जणांनी वाटून खाल्ला तर तिच्या वाट्याला घासभर येतो. सासूबाईंना हे सुनेनं सांगून चालत नाही, म्हणून महिन्यात दोनदा अंगणवाडीत जो कार्यक्रम असतो, सुपोषण दिवस, अन्नप्राशन दिवस, त्याला सासूबाईंनाच घेऊन या. सहा महिन्यांच्या बाळाला वरणाचं नुसतं पाणी पुरत नाही, चमच्यावरून न ओघळण्याइतकी घट्ट मऊ खिचडी, वर तेलाचं बोट, दिवसातून दोन-तीनदा, हे तिथे करून दाखवतात. आहार आला नसला तरी या दिवशी आणि वजनाच्या दिवशी जा. दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली भरला तर मूल तीव्र कुपोषित धरतात, आणि ते घरी बसून कळत नाही.

तरीही नाव घालायला कुणी नकार दिला तर तोंडी वाद घालू नका. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज करा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. १४४०८ ही पोषण हेल्पलाइनही आहे. फोन केला तर तक्रारीचा क्रमांक मागून माता-बाल कार्डाच्या मागेच लिहून ठेवा, चिठोऱ्या हरवतात.