घरपट्टी भरली म्हणजे मागची खोली अधिकृत झाली?

अंगणात किंवा गच्चीवर जादा खोली बांधली आणि तिची घरपट्टी सुरू झाली, की बांधकाम कायदेशीर ठरते, असा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. समज होणे साहजिक आहे. पावतीवर आपले नाव असते. पण तो खरा नाही.

कर लागतो बांधकाम अस्तित्वात आहे म्हणून. परवानगी मात्र महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली मिळते. तिथे शिल्लक चटईक्षेत्र (भूखंडावर अजून किती बांधता येते), सोडायची सामासिक अंतरे (इमारतीभोवतीची मोकळी जागा), रस्त्याची रुंदी तपासतात. करआकारणीत यातले काहीच पाहत नाहीत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६७अ तर स्पष्टच सांगते: अनधिकृत बांधकामावर कर किंवा शास्ती, म्हणजे दंड, वसूल केली, तरी ते नियमित झाले असे समजायचे नाही.

खात्री करायची तर पावती बाजूला ठेवा. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला दिलेली परवानगी) काढा, नकाशात ती खोली दिसते का ते मापांसह पाहा. कागद सापडत नसतील, तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करा आणि प्रती मागवा. घर विकत घेणाऱ्यांनी हे व्यवहाराआधीच करावे. नोटीस आल्यावर पळापळ फार महाग पडते.